होळीपासूनची सुई

भातकुलीत कुणाच्या घरी बाळंतीण यायची असली की पहिला निरोप लीलाबाईंकडे जायचा. जुनी लुगडी, विटकी धोतरं, उसवलेल्या चादरी असं गाठोडं त्यांच्या ओसरीत येऊन पडायचं आणि पंधरा-वीस दिवसांत गोधडी होऊन परत जायचं. टाका इतका बारीक आणि सरळ, की वरची बाजू कोणती नि खालची कोणती हे त्यांचं त्यांनाच कळे. शाळा चौथीत सुटली होती, लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात गावाने त्यांना एकच पदवी दिली होती: हलक्या हाताची बाई.

शिवण्याची त्यांची एक रीत होती. आठ-दहा टाके झाले की सुई कानामागच्या केसांत घालून दोनदा ओढायची. डोक्यातलं खोबरेल सुईला लागतं आणि मग सात पदरांतूनही ती अडत नाही. नवी सुई त्यांना आवडत नसे. नवी सुई अडेल असते, हातात रुळली की मग ऐकते, असं त्या म्हणायच्या. एकेक सुई त्यांनी सहा-सहा वर्षं वापरली होती. मोडली तरच ती जायची, आणि तीसुद्धा अंगणात नाही, पत्र्याच्या डबीत, वर झाकण लावून. अनवाणी वावरणाऱ्या घरात सुई कुठेही टाकायची नसते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातात एक वेगळी सुई आली.

त्यांचे यजमान खुशालराव यांना साखरेचा आजार होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. गोळ्या पुरेनाशा झाल्या. डोळ्यांचे पडदे बिघडले, समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची वेळ आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, सकाळी चौदा युनिट, संध्याकाळी दहा. औषधाचं पेन दिसायला शाईच्या पेनासारखं. मागचं बटण फिरवून आकडा लावायचा, पुढे चार मिलिमीटरची केसाएवढी सुई बसवायची, कातडीवर टेकवून बटण दाबायचं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने उभ्या उभ्या शिकवलं. दर टायमाले नवी सुई लावजा आणि जागा बदलत जाजा, असंही तो म्हणाला. पण तेव्हा बाकावर अठरा पेशंट खोळंबले होते आणि त्याने कान नि खांद्याच्या मध्ये फोन धरला होता.

पहिले तीन दिवस लीलाबाईंनी अगदी तसंच केलं. दर वेळी नवी सुई, दर वेळी नवी जागा. आणि दर वेळी खुशालराव "स्स" करायचे. चौथ्या दिवशी सुयांचं खोकं हाताशी नव्हतं म्हणून त्यांनी कालचीच सुई राहू दिली आणि कालच्याच जागी, बेंबीच्या डावीकडे चार बोटांवर, टोचली. मग तेच चालू राहिलं. दोन-तीन महिन्यांत खुशालरावांचं "स्स" बंद झालं.

"दिलं का वो?" ते विचारायचे.

"दिलं. झालं बी."

"मले तं समजलंच नाई बाप्पा. तिथंच देत जाय, तिथं दुखत नाई."

लीलाबाईंच्या लेखी याचा अर्थ सरळ होता. सुई रुळली. पुढे सुईच्या टोकावर पांढरं काही सुकून बसायला लागलं, बटण जड जाऊ लागलं, तेव्हा त्यांचा हात आपोआप कानामागे गेला. केसांतून दोनदा ओढली की सुई पुन्हा वाहती. महिन्या-दीड महिन्याला एक सुई पुरायची. यात पैशांचा हिशोब नव्हता, सुया सरकारी दवाखान्यातूनही मिळायच्या. खोकी भरलेली पडून होती. पण चांगली रुळलेली सुई काढून अडेल सुई नवऱ्याच्या पोटात खुपसायची, हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं.

रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला ओसरीत हा कार्यक्रम चाले. लीलाबाई बटण फिरवायच्या, आणि दिसत नसल्यामुळे खुशालराव त्याचे टिकटिक आवाज मोठ्याने मोजायचे. आकडा चुकला असं दोन वर्षांत एकदाही झालं नाही.

साखर मात्र ऐकेना. दर दीड महिन्याने दोघं अमरावतीला जायचे आणि तोच संवाद व्हायचा.

"जेवणात काय?" डॉक्टर कागदावरून नजर न काढता विचारायचे.

"ज्वारीची भाकर आन् भाजी."

"गोड?"

"नाई जी."

"इंजेक्शन बरोबर घेता ना?"

"एक टाइम नाई चुकला साहेब."

आणि ते खरंच होतं. डॉक्टर मान हलवून आकडा वाढवायचे. चौदाचे वीस झाले, विसाचे अठ्ठावीस, मग छत्तीस, मग शेहेचाळीस. शर्ट वर करा, पोट पाहू द्या, असं कुणी म्हटलं नाही.

शेवटी लीलाबाईंनी संशय नवऱ्यावरच घेतला. गुळाची ढेप कुलपात गेली. कुणाच्या घरच्या लग्नातून खुशालराव परतले की त्या पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ जाऊन त्यांचं तोंड हुंगायच्या.

"काय हुंगून राहिली? म्या काय दारू पेलो?"

"दारू परवडली. जिलबी खाल्ली का ते पायतो."

"गजेंद्रची माय, बुढ्यावर एवढा पायरा तं पोलीस बी नाई देत."

ते हसण्यावारी न्यायचे. पण मनात धरून होते, हे फार पुढे कळलं.

माघात, कपाशीची वाळली झाडं, पऱ्हाटी, उपटून झाल्यावर, खुशालराव काठी टेकत वावरात गेले. रोज जायचे. दिसत नसलं तरी धुरा, वावराचा बांध, पायाला पाठ होता. त्या दिवशी मातीत राहिलेला पऱ्हाटीचा एक खुंट चपलेतून वर आला आणि उजव्या अंगठ्याखाली घुसला. त्यांना पत्ताच नाही. पाय कधीचे बधिर झाले होते. घरी आल्यावर फरशीवर ओले डाग दिसले आणि लीलाबाईंना वाटलं, मडकं पाझरतंय. बोट लावलं तर रक्त.

जखम भरेना. ड्रेसिंग झालं, गोळ्या झाल्या. होळीपर्यंत अंगठा निळा पडला, पाडव्याला काळा. शेजारच्या बोटालाही तो रंग लागला. अमरावतीच्या डॉक्टरांनी या वेळी मान वर करून पाहिलं आणि सांगितलं की गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. अकोल्यात एक सर्जन आहेत, ते पंजा वाचवायचा प्रयत्न करतात, एकदा दाखवून या. पण साखर चारशेच्या घरात असताना तेही हात लावणार नाहीत.

परतीच्या बसमध्ये खुशालरावांनी काठी दोन्ही गुडघ्यांत धरली. मग बाहेरच्या उन्हाकडे तोंड करून म्हणाले, "पाय काढसान तं मले जेवाले नका वाढू. म्या जेवन सोडीन."

रागाने नाही, निरोप सांगावा तसं. लीलाबाई या माणसाचे शब्द ओळखून होत्या. त्याने एकदा बिडी सोडतो म्हटलं होतं, ती बत्तीस वर्षं झाली तरी सोडलेलीच होती.

त्या आठवड्यात त्यांनी जे करता येईल ते केलं. भाकरी अर्धी केली. इंजेक्शनची वेळ एक मिनिट इकडेतिकडे होऊ दिली नाही. उन्हाने पेन तापू नये म्हणून ते माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं. देण्याआधी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि नेमक्या त्याच जागी, आणखी हलक्या हाताने, आणखी काळजीने सुई टेकवली. साखर चारशे बारा निघाली.

अकोल्याची वेळ गुरुवारी दुपारी बाराची मिळाली. मुलगा गजेंद्र तिथल्या एका दाल मिलमध्ये मशीनवर होता. कौलखेडात त्याची भाड्याची दोन खोल्यांची जागा होती. पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याहून निघून दोघं पावणेआठला तिथे पोचले. सून प्रणालीने डोक्यावरचा पदर सारखा करत पाणी दिलं, चहा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यात दार नव्हतं, नुसती चौकट होती.

इंजेक्शनची वेळ टळायला आली. लीलाबाईंनी पेन काढलं, पण खुशालराव शर्टाचं बटण काढेनात.

"वर करा ना शर्ट."

"सूनबाई समोर हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"तिची पाठ हाय इकडे."

"पाठ असो का पोट असो. म्या नाई उघडा होत. दंडात दे."

सुनेच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. खोकल्याशिवाय त्यांनी कधी चौकट ओलांडली नव्हती, आणि आता सत्तरीत, एका इंजेक्शनसाठी, तिच्यासमोर पोट उघडं टाकणार नव्हते. लीलाबाईंना दंडाची जागा पसंत नव्हती, पण घड्याळ पुढे चाललं होतं. त्यांनी बाही वर सारली, शेहेचाळीस टिकटिक मोजून घेतले आणि दंडात सुई टेकवली.

"स्स," खुशालराव म्हणाले. कितीतरी महिन्यांनी.

प्रवासाने तोंड कडू झालं होतं. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली आणि भिंतीला टेकून बसले.

दहाच्या सुमारास त्यांचा शर्ट भिजला. अकोल्याचा चैत्र, पंखा गरम हवा फेकत होता, म्हणून आधी कुणाला काही वाटलं नाही. मग त्यांचे हात थरथरायला लागले. मग ते म्हणाले, "तांबड्याले पानी दाखोलं का?"

तांबड्या हा बैल विकून बारा वर्षं झाली होती.

"कोन तांबड्या?" लीलाबाई जवळ सरकल्या. जखमेचं विष डोक्यात चढलं, असंच त्यांना वाटलं. "अवो, अकोल्यात हाओ आपन. गजेंद्रच्या घरी."

"धुऱ्यावर बांधला... सुटन तो..." जीभ जड झाली. मान एका बाजूला कलली.

प्रणाली पिठाच्या हाताने धावत आली. तिचे वडीलही साखरेचे होते. तिने सासऱ्यांच्या कपाळाला हात लावला आणि तशीच मागे जाऊन ग्लासात साखर ढवळत आली.

"आई, साखर उतरली असन यायची. थोडं पाजून पायू."

"येडी झाली का तू?" लीलाबाईंनी तिचा हात उडवला. ग्लास फरशीवर गेला. "साखरेनं तं पाय खाल्ला. आता जीव घेतं का त्यायचा?"

गजेंद्र रिक्षा घेऊन आला तोवर खुशालराव डोळे मिटून होते. त्याने वडिलांना उचललं तेव्हा त्यांचा हात साखरेच्या चिकट पाण्यातून ओढला गेला.

दवाखान्यात बोटाला टोचून पाहिलं. साखर छत्तीस होती. चारशे बाराची छत्तीस. शिरेतून ग्लुकोज सोडलं, आणि वीस मिनिटांत खुशालराव डोळे उघडून विचारते झाले, "बारा वाजले का? डाक्टर गेले तं नाई ना?"

बाहेरच्या बाकावर गजेंद्र आईसमोर उभा राहिला.

"माय, किती देलं तू?"

"शेहेचाळीस. रोजचंच."

"रोजचं कसं असन? रोज असं होते का?"

"तुह्या बाबांनं मोजलं नं बाप्पा. त्यायले इचार."

"त्यायले काय इचारू आता?"

त्याने पुढे होऊन तिच्या पिशवीतून पेन काढलं आणि आपल्या खिशात ठेवलं. आवाज चढवला नाही. लीलाबाईंना वाटलं, याने दोन शब्द टाकून बोलायला हवं होतं. लेकाने आईकडून वस्तू काढून घेतली, जशी लहान मुलाकडून विळी काढून घेतात. त्या आपल्या बोटांकडे पाहत बसल्या. ही बोटं चुकली असतील तर कधी, कुठे? चौदा, पंधरा, सोळा, त्या मनात टिकटिक फिरवत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी शेहेचाळीसच आले.

संध्याकाळी वॉर्डात नागसेन नावाचा ब्रदर ड्युटीवर आला. तिशीचा, मूळचा मूर्तिजापूरकडचा. त्याने केसपेपर वाचला, ओव्हरडोस हा शब्द दोनदा वाचला, आणि लीलाबाईंजवळ येऊन टेकला.

"मावशी, तुमी घरी कसं देता, ते जरासक मले करून दाखवा. औषध नाई सोडाचं, नुसती रीत."

गजेंद्रने पेन परत दिलं. लीलाबाई परीक्षेला बसाव्यात तशा उठल्या. आपण चुकलो नाही हे सांगायची ही एकच संधी होती. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. पेनचं टोपण काढलं. सुई लावलेलीच होती. खिडकीच्या उजेडात धरून टोक पाहिलं. बटण फिरवून बरोबर शेहेचाळीसवर आणलं आणि नागसेनला आकडा दाखवला. मग पेन कानामागे नेऊन सुई केसांतून दोनदा ओढली, आणि न पाहता खुशालरावांच्या पोटावर नेमकी जागा धरली.

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून पाहत राहिली. नागसेन हसला नाही.

"ही सुई कवाची, मावशी?"

"होळीपासूनची. आता कुठं चांगली रुळली."

त्याने बोटांवर मोजलं. सव्वीस दिवस, दोन वेळा. बावन्न.

त्याने पेन अलगद काढून घेतलं, कापसाचा बोळा आणला आणि सुईचं टोक त्यावरून ओढलं. कापूस सुईसोबत उठून आला, तंतू अडकून लोंबत राहिला. मग पाकीट फोडून नवी सुई काढली आणि तीही कापसावरून ओढली. कापूस जागचा हलला नाही.

"टोक वाकून गळासारखा आकडा झाला हिचा. ही गोधडी शिवाची सुई नोहे मावशी, ही एकाच टाक्याची सुई हाय. एक टाका, की हिचं काम संपलं. केसातलं तेल, घाम, मळ, सगळं तुमी काकाच्या पोटात घालून राहिल्या. पिकलं नाई हे नशीब."

"पन त्यायले दुखत नोहतं," लीलाबाई म्हणाल्या. "रुळली म्हनूनच तं दुखत नोहतं."

नागसेनने खुशालरावांचा शर्ट वर केला, दोन बोटांनी बेंबीच्या डावीकडे चाचपलं आणि लीलाबाईंचा हात धरून तिथे ठेवला. "डोये मिटा आन् पाहा. मंग उजवीकडं पाहा."

गोधडीच्या सहाव्या पदराखाली एखादी चिंधी दुमडली गेली तरी ती बोटं वरून ओळखायची. डावीकडे कातडीखाली तळहाताएवढी गाठ होती, भिजून आळलेल्या कापसासारखी. उजवीकडे पोट मऊ आणि मोकळं. तो उंचवटा त्यांनी रोज पाहिला होता. माणसाचं अंग सुटतंय, असं समजून त्या बरं वाटून घेत होत्या.

"वावरात एकाच जागेवरून दोन वर्षं बैलगाडी नेली तं तिथं पानी मुरते का?" नागसेनने विचारलं.

"नाई मुरत."

"तसं झालं. तिथलं कातडं बधिर झालं म्हनून दुखत नोहतं, सुईमुळं नाई. औषध गाठीत अडकून राहे. थोडं लागे, थोडं वाया जाये. साखर उतरेना, म्हनून डाक्टर वाढवत गेले. आन् आज तुमी दंडात देलं. ते कोरं वावर. शेहेचाळीसचे शेहेचाळीस मुरले."

लीलाबाईंना सगळं एकदम कळलं. सावकाश कळलं असतं तर बरं झालं असतं. त्यांची मोजणी चुकली नव्हती, एक वेळ चुकली नव्हती. सकाळ-संध्याकाळ, देवाचं नाव घेऊन, त्यांनी तो पाय आपल्या हाताने काळा केला होता.

नागसेन पुढे बरंच सांगत होता आणि त्या एकेक शब्द धरून ठेवत होत्या, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. दर वेळी पाकिटातली कोरी सुई. आतलं छोटं टोपणही काढायचं, नाहीतर औषध तिथेच राहतं. आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब पाहायचा. पोट, मांड्या, दंड, दर वेळी दोन बोटं सरकून. गाठीच्या जागेला हात लावायचा नाही, आणि नव्या जागी जुना आकडा कधीच नाही, डॉक्टर सांगतील तोच. टोचल्यावर दहा मोजेपर्यंत उचलायची नाही. सुई पेनवर ठेवायची नाही, हवा शिरते आणि औषध गळतं. पेन एकाचं ते एकाचंच, सुई बदलली तरी दुसऱ्याला द्यायचं नाही.

"आन् सुया कुठं टाकता?"

"डबीत. झाकनाच्या."

"हे मात्र शंभर टक्के बरोबर. डबी भरली की दवाखान्यात आनून देजा, घंटागाडीत नाई."

एवढी एकच गोष्ट त्यांची बरोबर निघाली होती.

दुसऱ्या दिवशी, ज्यांची वेळ घेतली होती तेच सर्जन तिथे येऊन पाय पाहून गेले. चार दिवसांत साखर दोनशेच्या खाली बसली तर पंजाचा पुढचा भाग तेवढा काढू. नाही बसली किंवा लाली घोट्याच्या वर सरकली, तर गुडघ्याखालून. घोट्याला त्यांनी शाईच्या पेनाने निळी रेघ मारली.

आता इंजेक्शन सिस्टर देत होत्या, निम्म्याहून कमी आकड्याने, दर वेळी वेगळ्या जागी. लीलाबाईंना हातांचं काय करावं कळत नव्हतं. त्या ते मांडीखाली दाबून बसायच्या आणि रेघेकडे पाहायच्या. पहिल्या दिवशी साखर तीनशे दहा. दुसऱ्या दिवशी दोनशे साठ. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि साखर उलटून दोनशे नव्वदवर गेली. लाली रेघेला टेकली. गजेंद्र कॉरिडॉरमध्ये कुणाशी तरी जयपूर फूटबद्दल फोनवर बोलत होता, आणि आई आली तसा त्याने फोन ठेवला.

त्या दुपारी वॉर्डात पंख्यांचा तेवढा आवाज होता. खुशालराव जागे होते.

"अवो," लीलाबाई म्हणाल्या. "तुमची साखर माह्यामुळं वाढली."

ते ऐकत राहिले. त्यांनी सुई सांगितली, केस सांगितले, गाठ सांगितली, कापूस सांगितला. रडल्या नाहीत. सांगून झाल्यावर खुशालरावांनी स्वतःचा हात नेऊन पोटाची डावी बाजू चाचपली.

"तिथंच दे, असं मीच म्हनो ना?"

"तुमाले काय मालूम होतं? कंपाउंडरनं मले सांगतलं होतं. जागा बदलजा म्हने. माह्याच ध्यानात नाई राहिलं."

"आन् दोन वर्षं माह्यं तोंड हुंगत होती तू."

"हुंगत होती."

"गुयाले कुलूप लावलं. लग्नात माह्या ताटातला लाडू उचलून नत्थुजीच्या ताटात टाकला, चारचौघांत. म्या एक खडा नोहता खाल्ला."

"मले वाटलं..."

"त्याची माफी माग."

लीलाबाईंनी मान खाली घातली. "चुकलं माह्यं."

"लाडवाचं माफ केलं," ते म्हणाले. पायाबद्दल काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि संध्याकाळची भाकरी तशीच परत गेली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. साखर एकशे शहाऐंशी. लाली रेघेच्या खाली एक बोट. सर्जननी दोन मिनिटं पाय दाबून पाहिला, लीलाबाईंकडे नाही, गजेंद्रकडे पाहिलं आणि म्हणाले, आजच घेऊ. अडीच तासांनी दार उघडलं तेव्हा पांढऱ्या पट्टीखाली टाच होती, घोटा होता, आणि पाय अर्ध्यावरच संपत होता. पाचही बोटं गेली होती. सर्जन म्हणाले, टाच राहिलीय, बुटाने चालता येईल. पण जखम भरायला तीन महिने, आणि या तीन महिन्यांत साखर पुन्हा चढली तर मी दुसऱ्यांदा पाय वाचवू शकणार नाही. इंजेक्शन घरी कोण देतं, ते पाहा.

घरी देणारं एकच माणूस होतं.

"माह्या हातानं नोको," लीलाबाई नागसेनला म्हणाल्या. ऑपरेशनला चार दिवस झाले होते, सुट्टीची बोलणी चालली होती. "गावात सिस्टर येते हप्त्यातून एकदा, तिले सांगा. प्रनालीले शिकवा. मले नोका सांगू."

"हप्त्यातून एकदा न् दिवसातून दोनदा, जमन का ते? सूनबाई इथं, तुमी तिथं. मावशी, तुमी देसान तवाच मी सुट्टीच्या कागदावर लिहीन, की घरी देनारं शिकलं."

सकाळचे आठ वाजले होते. आकडा बावीस होता. लीलाबाईंनी हात धुतले आणि हवेत वाळू दिले. पाकिटावरचा कागद सोलला, पण नवी सुई पेनवर तिरपी बसली, ती टाकून दुसरी घ्यावी लागली. दोन्ही टोपणं काढली. दोन युनिट हवेत, टोकाशी थेंब. मग बावीस टिकटिक. या वेळी खुशालराव मोजत नव्हते, छताकडे तोंड करून पडले होते. उजव्या मांडीवर नागसेनने नुसतं बोट दाखवलं.

सुई आत गेली आणि खुशालरावांनी श्वास ओढला. लीलाबाईंचा अंगठा बटणावर तसाच थांबला. दाबवेना. नवऱ्याला दुखलं होतं. दोन वर्षं ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता ती गेली होती, आणि आता दर सकाळी, दर संध्याकाळी, याला टोचलं की कळणार होतं.

"थांबली कावून?" खुशालराव म्हणाले. "दे ना."

त्यांनी बटण शून्यापर्यंत दाबलं आणि दहा मोजले, मोठ्याने. सुई काढून नागसेनने धरलेल्या जाड डब्यात सोडली.

प्रणालीने घरून आणलेला डबा उघडला होता. खुशालरावांनी हात पुढे केला. त्यांनी दीड पोळी खाल्ली.

लीलाबाई खाटेजवळ उभ्याच होत्या. दर पाच-दहा मिनिटांनी त्या नवऱ्याच्या मानेमागे हात घालून घाम आला का ते पाहायच्या आणि हात काढून घ्यायच्या. नऊ वाजले, साडेनऊ, दहा. नागसेन यंत्र घेऊन आला, बोटाला टोचलं. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"बसा आता, मावशी."

"संध्याकाळी डाव्या मांडीले ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या बसल्या नाहीत. पुन्हा मानेमागे हात घालून पाहिलं. मान कोरडी होती. त्यांनी हात तिथेच राहू दिला.